सपाट राहणारे वर्तुळ

जुन्या साड्यांच्या पट्ट्यांची तीन पेडी वेणी घालून आणि ती गोल गुंडाळत शिवून केलेले पायपुसणे पुष्कळ घरांत असते, आणि ते कुठे निकामी होते हे त्या घरांतल्या सगळ्यांना ठाऊक असते. कापड फाटत नाही, वेणीही उसवत नाही. दोन वेढ्यांना धरून ठेवणारा शिवणीचा दोरा आधी झिजतो. तो एका जागी तुटला की तिथे फट पडते, तिच्यात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाचे बोट अडकते आणि आठवडाभरात धडधाकट कापडाचे पायपुसणे लांबलचक दोर होऊन दारात पडलेले असते. जाडजूड वेणीला बारीक दोऱ्याच्या भरवशावर ठेवण्यात ही अडचण मुळातच आहे.

यावर एक उपाय असा की शिवायचेच नाही. पट्टी विणत जायची आणि विणता विणताच ती आधीच्या वेढ्याच्या काठाला अडकवत जायची, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सगळा गोल एकाच सलग चिंधीचा, एकाच विणीचा होतो. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी माझ्या थोरल्या जाऊबाई असे विणतात आणि त्यांच्याकडूनच मी ते शिकले. स्वेटर विणणाऱ्या बायका नागपुरात काही कमी नाहीत. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, त्यामुळे लोकर आणि सुया घराघरांत असतात. पण चिंध्यांचे विणकाम हे वेगळेच काम आहे. त्याला लोकरीचा नाजूकपणा चालत नाही आणि लोकरीचे हिशोबही जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कापडापासून सुरुवात करू. सुती साडी हवी आणि ती जुनी हवी. कापसाच्या मुलखात राहत असल्याने सुती कापडाचा तुटवडा आम्हांला कधी जाणवला नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांनी याच शहरात एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस जवळ आहे म्हणूनच. आणि गिरणीच्या आधीपासून व नंतरही गोळीबार चौक, पाचपावली या भागांतल्या कोष्टी विणकरांचे माग चालत राहिले. बारीक काठाची नागपुरी सुती साडी पंचवीस वर्षे नेसून, धुऊन, पुन्हा नेसून इतकी मऊ झालेली असते की ती फाडताना आवाजही हलका होतो. शिवाय तिचा जो काही रंग जायचा तो केव्हाच गेलेला असतो आणि आकसायचे तेवढे कापड आकसलेले असते. शिंप्याकडच्या नव्या कतरणी आणल्या तर त्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच हाताळाव्यात. नाहीतर पहिल्या धुण्यात पायपुसण्याचा एक भाग आवळतो आणि उरलेला तसाच राहतो.

साडी कापायची नाही, फाडायची. उभ्या धाग्यांच्या दिशेने, म्हणजे साडीच्या लांबीत, दाताने किंवा कात्रीने एक बोटभर चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचे. सुती कापड धागा धरून सरळ फाटत जाते. चार सेंटिमीटरची पट्टी ठीक. पट्टी शेवटपर्यंत फाडून मोकळी करायची नाही. दोन बोटे कापड शिल्लक असताना थांबायचे, त्याच टोकाकडून पुढची चीर द्यायची आणि उलट दिशेने फाडत यायचे, म्हणजे संपूर्ण साडीची नागमोडी एकच पट्टी निघते. सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद असते. जरीचे काठ वेगळे काढले तरी तिच्यातून सव्वाशे ते दीडशे मीटर पट्टी मिळते आणि तेवढ्यात दीड ते दोन फूट व्यासाचे पायपुसणे होते. लुगडे असेल तर त्याहून मोठे. फाडताना कापसाचा बारीक भुसा उडतो, तेव्हा हे काम गच्चीवर करावे.

एक साडी संपून दुसरी सुरू करताना गाठ मारू नये. गाठ पायाला टोचते आणि सुईवरही अडते. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना काज्यासारखी छोटी चीर द्यायची, नवी पट्टी जुनीच्या चिरेतून ओवायची, मग नवीचेच दुसरे टोक तिच्या स्वतःच्या चिरेतून काढून ओढायचे. जोड सपाट बसतो आणि विणीत दिसेनासा होतो. टी-शर्टचे होजियरी कापड असेल तर ते फाटत नाही, कात्रीने गोल गोल कापावे लागते. पण ताणले की त्याच्या कडा आपोआप आत वळतात आणि गुबगुबीत दोरी तयार होते, हा त्याचा गुण. पॉलिएस्टर आणि जॉर्जेट मात्र या कामातून सरळ बाद करावेत. दिसायला ते चमकदार, पण पाणी शोषत नाहीत आणि फरशीवरून घसरतात. ज्या वस्तूचे कामच पाणी टिपण्याचे आहे तिच्यात ते घालण्याला मला काही अर्थ दिसत नाही.

सुया हा खरा अडथळा असतो. आपल्याकडे सुयांचे जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे चार, सहा नंबर म्हणजे पाच. चिंधीला लागते दहा-बारा मिलिमीटर जाडीची सुई, आणि सीताबर्डीवर स्वेटरच्या सुया विकणाऱ्या दुकानदाराला ती मागितली तर तो गोंधळून बघतो. जाऊबाईंच्या सुया बांबूच्या आहेत. चांगल्या वाळलेल्या बांबूची जाड काडी घेऊन, टोक बोथट निमुळते करून, ती काचकागदाने घासायची आणि खोबरेल तेल चोळून काही दिवस ठेवायची. तेल मुरले की चिंधी तिच्यावरून सुळकन सरकते, जे ॲल्युमिनियमच्या सुईवरही इतके सहज होत नाही. शिवाय मे महिन्यात धातूची सुई हातात घामेजते.

आता वीण. सहा टाके पुरतात आणि सगळ्या ओळी सुलट, जातानाही आणि येतानाही. एक बाजू सुलट आणि एक उलट विणली तर पट्टीच्या कडा गुंडाळतात; सगळे सुलट विणले तर ती जाड, सपाट आणि दोन्ही बाजूंनी सारखी होते, म्हणजे पायपुसणे मळले की उलटून टाकता येते. सुरुवात दोन टाक्यांनी करायची आणि पहिल्या वेढ्याभरात वाढवत सहावर न्यायचे, म्हणजे मध्यभागी भोक राहत नाही. बाहेरच्या काठाला ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा. त्यामुळे जाऊन-येऊन होणाऱ्या प्रत्येक दुहेरी ओळीमागे काठावर एक मोकळी, ठसठशीत कडी तयार होते. पुढचा वेढा तिथे पोचला की आतल्या बाजूचा शेवटचा टाका आणि ही कडी दोन्ही एकत्र विणायची. शिवण म्हणायची ती एवढीच, आणि तिला स्वतंत्र दोरा नसल्यामुळे ती कापडाच्या आधी तुटत नाही.

या पद्धतीचा मोठा फायदा मनगटाला कळतो. रुंद गालिचा सरळ विणायला घेतला तर त्याचे सगळे वजन सुईवर येते आणि दोन किलो चिंध्या मांडीवर घेऊन नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसणे ही शिक्षाच असते. इथे सुईवर कायम सहा टाके. बाकीचे सगळे जमिनीवर पसरलेले असते आणि काम पुढे सरकेल तसे ते थोडे थोडे फिरवायचे.

आता मुख्य अडचण. दर कडीला एक दुहेरी ओळ अशी सरळ जोडत गेलो तर काय होईल? प्रत्येक नव्या वेढ्याच्या बाहेरच्या काठावर तेवढ्याच कड्या राहतील जेवढ्या आधीच्या वेढ्याला होत्या, म्हणजे परीघ वाढणारच नाही, आणि वर्तुळाऐवजी उभी नळी तयार होईल. वर्तुळ सपाट राहायचे तर प्रत्येक वेढ्यात काही कड्यांत दोनदा विणले पाहिजे, म्हणजे त्या कडीला एकाऐवजी दोन दुहेरी ओळी जोडल्या पाहिजेत. किती कड्यांत, हा प्रश्न. शाळेतले सूत्र इथे उपयोगी पडते: परीघ त्रिज्येच्या ६.२८ पट, म्हणून विणलेली पट्टी जितकी रुंद त्याच्या सव्वासहा पट लांबी प्रत्येक वेढ्याला वाढते. पट्टी आठ सेंटिमीटर रुंद असेल तर पन्नास सेंटिमीटर. मला यात नवल वाटते ते असे की ही वाढ दुसऱ्या वेढ्याला जेवढी तेवढीच दहाव्यालाही. वर्तुळ कितीही मोठे झाले तरी भर तेवढीच घालायची. मात्र दहाव्या वेढ्यात ती भर फार मोठ्या परिघावर पसरायची असते, म्हणून ती विरळ होत जाते.

सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत दुहेरी ओळीची उंची एका टाक्याच्या रुंदीएवढीच जवळपास असते. त्यामुळे सहा टाक्यांच्या पट्टीला पहिल्या वेढ्याच्या काठावर अडतीसच्या आसपास कड्या लागतात, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट, तिसऱ्याला तिप्पट, चौथ्याला चौपट. म्हणजे नियम निघतो तो असा: दुसऱ्या वेढ्यात प्रत्येक कडीत दोनदा विणायचे, तिसऱ्यात एक कडी सोडून दुसरीत दोनदा, चौथ्यात दर तिसऱ्या कडीत, पाचव्यात दर चौथ्या कडीत, आणि असेच पुढे. पट्टी चार टाक्यांची घेतली की आठ, यावर हा नियम अवलंबून नाही. तो वेढ्याच्या क्रमांकावरच चालतो. जाऊबाईंना ६.२८ माहीत नाही, पण हा क्रम त्यांच्या तोंडी आहे, आणि वेढा बदलला हे लक्षात राहावे म्हणून त्या सुरुवातीच्या रेषेत लाल दोऱ्याचा एक तुकडा अडकवून ठेवतात.

नियम कागदावरचा आहे; चिंधी कागदासारखी वागत नाही. ती ताणते, म्हणून पुष्कळदा नियमापेक्षा थोड्या कमी वाढीवरही काम भागते, आणि एकाच पायपुसण्यात मलमलीची पट्टी संपून जाड चादरीची सुरू झाली की सगळे गणित त्या जागेपासून बदलते. त्यामुळे दर वेढ्याला काम जमिनीवर पसरून तळहाताने सपाट करून बघावे लागते. कडेला झालर पडायला लागली तर वाढ जास्त होते आहे, पुढचा थोडा भाग सरळ जोडावा. कड वर उचलली जाऊन मधला भाग खोलगट झाला तर वाढ कमी पडते आहे. झालर पुढच्या वेढ्यात मुरते. खोलगटपणा मात्र मुरत नाही, उलट वाढतच जातो, म्हणून शंका असेल तेव्हा एक ओळ जास्त घालावी हे बरे. आणि खोलगटपणाचे कारण बहुतेक वेळा मोजणीत नसते, हातात असते. मी विणत असताना समोर बसून वाटाणे सोलणाऱ्या जाऊबाई न बघताच म्हणत, "घट्ट काहून ओढून राहिली तू? त्याले जागा दे ना जराशी." मी म्हणे, "वहिनी, सैल ठेवलं तर बोट अडकेल ना त्यात." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे: "पाय पडले का बसते ते बरोबर." हे खरे आहे. चिंधीची वीण वापराने दाबली जाते, टाके एकमेकांत रुततात, आणि जे नवे असताना सैल वाटते ते महिन्याभरात घट्ट होते. जे नवे असतानाच घट्ट, ते पुठ्ठ्यासारखे कडक होते आणि पाणी टिपत नाही.

रंगांविषयी फार योजना करू नये असे माझे मत झाले आहे. साडी संपते ती वेढा पूर्ण होण्याची वाट पाहत नाही, मध्येच कुठेतरी संपते आणि तिथून दुसरा रंग सुरू होतो, म्हणून रंगांची वर्तुळे कधीच बंद होत नाहीत. डोळा एका रंगावरून निघतो आणि नकळत एक वेढा बाहेर सरकतो. हेच या प्रकाराचे सौंदर्य. मोजून-मापून बंद वर्तुळे करायची हौस असेल तर क्रोशाचे काम करावे, तिथे ती शोभतात. साडीवरची नक्षीही इथे टिकत नाही. गोधडीत कापडाचा तुकडा तुकडाच राहतो आणि ही अमक्या लग्नातली साडी, हे तमक्याचे धोतर, असे बोट ठेवून सांगता येते. इथे चार सेंटिमीटरची पट्टी विणीत चुरगळली की पानाफुलांचे नुसते ठिपके उरतात.

आमच्या घरात यावरूनच एक वाद झाला होता. सासूबाईंच्या साड्या निघाल्या तेव्हा नणंदेने स्पष्ट सांगितले की आईची साडी पायाखाली घालायची नाही. विणल्यावर ओळखूही येणार नाही, हा माझा युक्तिवाद कोणालाच पटला नाही. ओळखू न येण्याने काय होते, ती कोणाची होती हे घरातल्यांना ठाऊक असतेच. जाऊबाईंनी भांडण न करता तोडगा काढला. त्या साड्यांचे त्यांनी बसकर विणायला घेतले: तीच पट्टी, तेच सहा टाके, तीच जोडणी, फक्त जागा दाराऐवजी देवघरासमोर. पायपुसण्याला वापरलेल्या चादरी, परकर, पडदे यांचा ढीग वेगळा आणि बसकराचा वेगळा, अशी वाटणी तेव्हापासून पडली. मला आधी ही भेदनीती थोडी गमतीची वाटली, पण मांडी घालून तासभर बसायचे असेल तर कापडही अधिक मऊ लागते, सुरकुती टोचता कामा नये, जोड अधिक सफाईने हवेत. म्हणजे भावनेने केलेली वाटणी कामाच्या दृष्टीनेही बरोबरच निघाली. अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकात विणलेले गोल गालिचे तिकडच्या संग्रहालयांत भिंतींवर लावून जपले आहेत. जमिनीवर घालण्याची वस्तू भिंतीवर चढली की तिचे काय होते, यावर आमच्या नणंदेला पुष्कळ बोलता येईल.

गोल आकाराची दुसरी एक रीत आहे, ती आंघोळीच्या रुमालासाठी. घोसाळ्याच्या जाळीची घासणी ज्यांना खरखरीत वाटते त्यांच्यासाठी जाड सुती दोऱ्याचा, चार मिलिमीटरच्या सुईवर विणलेला असा रुमाल फार सुखाचा असतो. पंधरा टाके घालायचे. हे पंधरा टाके म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतची त्रिज्या. कडेकडून विणत मध्याकडे जायचे, पण मध्याकडचे टाके न विणता सोडून मागे फिरायचे, दर खेपेला आणखी एक. सगळे सोडून झाले की एक पाचर तयार होते, कडेला रुंद आणि मध्याशी टोकदार. मग पुन्हा सगळे पंधरा टाके विणून दुसरी पाचर. दोन रंग आलटून पालटून घेतले तर जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखा आकार येतो. सहाच्या पुढे, सात किंवा आठ पाचरींत वर्तुळ पुरे होते. नेमका आकडा हाताच्या ताणावर ठरतो. सुरुवातीचे टाके वेगळ्या रंगाच्या फालतू दोऱ्यावर घातलेले असतील तर शेवटी तो दोरा उसवून तिथले मोकळे टाके आणि शेवटच्या पाचरीचे टाके दोन सुयांवर समोरासमोर धरून तिसऱ्या सुईने एकत्र बंद करता येतात. इथेही शिवण नाही. चिंध्यांनी हाच प्रकार केला तर मध्यभागी फार जाडी साचते, तो मी बारीक दोऱ्यापुरताच ठेवते.

धुणे-वाळवणे याचा विचार करताना ऋतू बघावा लागतो. मेमध्ये, जेव्हा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवर टाकलेले ओले पायपुसणे जेवण होईपर्यंत कडकडीत वाळते. पावसाळ्यात तेच काठीवर टांगून दोन-दोन दिवस दमट राहते आणि त्याला वास येतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाड विणीचे काम दाराशी ठेवू नये, पातळ ठेवावे आणि किमान एक जोडी हाताशी असावी. त्यातून इथली काळी माती. ती ओली असताना धुवायला गेले तर विणीत आणखी खोल जाते; तिला पूर्ण वाळू द्यावे, मग पायपुसणे उलटे धरून भिंतीवर आपटावे, ढेकळे झडतात, आणि मगच पाण्यात घालावे. पिळू मात्र नये, आकार बिघडतो. बादलीवर पसरून निथळू द्यावे.

काटकसर म्हणून हे करा असे मी कोणाला सांगणार नाही. इतवारीत किंवा रस्त्यावरच्या गाठोडेवाल्याकडे मिळणारे पायपुसणे इतके स्वस्त असते की आपल्या वेळेचा हिशोब लावला तर विणलेले त्याच्या शेजारी उभेच राहू शकत नाही. विणायचे ते हाताला काम आवडते म्हणून, आणि शिवण न उसवणारी वस्तू घरात असावी म्हणून.

शेवट कसा करायचा याबाबत आम्हां दोघींचे एकमत नाही. मी शेवटच्या पाव वेढ्यात सहाचे पाच, पाचाचे चार असे टाके कमी करत जाते आणि टोक काठात विरून जाईल असे बंद करते, म्हणजे कडेला पायरी राहत नाही आणि गोल खरोखर गोल दिसतो. जाऊबाई बंदच करत नाहीत. शेवटचे सहा टाके त्या एका मोठ्या सेफ्टी पिनेवर घेतात, पिन खालच्या बाजूला वळवून ठेवतात आणि नव्या साड्या निघाल्या की तिथूनच पुढे सुरू करतात. या विणीला किनार नसल्यामुळे तिला कुठेही थांबवता येते आणि कुठूनही वाढवता येते, हे त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. देवघरासमोरचे बसकर आता दोघी जणी ऐसपैस बसतील एवढे झाले आहे. हे कुठवर न्यायचे, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "दार अडलं का थांबीन मी."